वैनगंगेकाठून डायव्हिंगचं सामान घेताना: दुकान की ऑनलाइन?

पवनीच्या बसस्टँड रोडला माझं झेरॉक्स आणि पार्सलचं दुकान आहे. गावात ऑनलाइन मागवलेलं सामान माझ्या काउंटरवर येतं आणि न जमलेलं माझ्याच काउंटरवरून परत निघतं. त्यात मी तारकर्लीला स्कुबा, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन पाण्याखाली उतरणं, शिकलेली. त्यामुळे आमच्याकडच्या पोरापोरींना डायव्हिंगचं काही घ्यायचं असलं की मोबाइल माझ्यासमोर येतो. "ताई, मास्क, स्नॉर्केल, फिन्स, सगळा सेट भेटून रायला. मागवू काय?" (मास्क म्हणजे डोळे-नाक झाकणारी काच, स्नॉर्केल म्हणजे श्वास घ्यायची नळी, फिन्स म्हणजे पायात घालायची पाती.) यातली बरीचशी मासेमारी करणाऱ्या ढिवर घरांतली. त्यांचं लहानपण वैनगंगेत आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांत पोहण्यात गेलं. काहींना पुढे मालवणला किंवा अंदमानला डायव्ह गाईड म्हणून काम करायचं आहे. त्यांनी घाम गाळून जमवलेला पैसा वाया जाऊ नये आणि पाण्याखाली त्यांच्या जिवाला धोका होऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट पक्की करा. कोर्स केला नसेल तर अजून काहीही घेऊ नका. तारकर्लीच्या एमटीडीसीच्या (राज्य पर्यटन महामंडळाच्या) 'इसदा' केंद्रात किंवा दुसऱ्या कुठल्याही चांगल्या ठिकाणी ओपन वॉटर हा पहिल्या पायरीचा कोर्स करताना सहसा सगळं सामान केंद्रच देतं. या प्रमाणपत्रावर १८ मीटरपर्यंत जाता येतं. कोर्सचे ते दिवस म्हणजे सामान पारखायची सगळ्यात चांगली संधी. कोणत्या कंपनीचा मास्क लागला, त्यात पाणी शिरलं की नाही, तरंगायला हवा भरायचं जॅकेट कोणत्या साइजचं बसलं, सूट काखेत काचला का, हे रोज संध्याकाळी वहीत लिहून ठेवा. पुढे दुकानात जा नाहीतर ऑनलाइन मागवा, ती वही हाताशी असली की अर्धं काम झालेलं असतं.

आता दुकानांचं. भंडारा जिल्ह्यात डायव्हिंगचं दुकान नाही. नागपूरला सीताबर्डीत खेळाच्या सामानाची दुकानं आहेत, पण तिथे बहुतेक तलावात पोहायचं सामान असतं: गॉगल, टोपी, सरावाचे आखूड रबरी फिन्स. डायव्हिंगचा खरा माल मिळतो तो गोवा, मुंबई, पुणे, बंगळूरु, पुदुच्चेरी आणि अंदमानच्या डीलरांकडे, नाहीतर डायव्ह सेंटरमध्ये. म्हणजे आपल्यासाठी 'जवळचं दुकान' हजारेक किलोमीटरवर आहे. तरी त्याला मी जवळचंच मानते. तुम्ही जिथे पाण्यात उतरता तिथला माणूस तुम्हाला पाण्यात बघतो, तुमचं सामान हातात घेतो आणि बिघडलं तर दुरुस्त करतो किंवा कुठे पाठवायचं ते सांगतो. नागपूरचा दुकानदार कितीही भला असला तरी त्याला हे जमणार नाही, कारण हे त्याचं काम नाही.

पहिली स्वतःची वस्तू घ्यायची ती मास्क. इथे घाई करू नका. पोहण्याचा गॉगल डायव्हिंगला चालत नाही, कारण त्यात नाक बाहेर राहतं. दहा मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब दुप्पट होतो आणि मास्कमधली हवा दबते. नाक आत असेल तर नाकातून जराशी हवा सोडून तो दाब सारखा करता येतो. गॉगलमध्ये ती सोय नाही, त्यामुळे तो डोळ्यांना ओढतो आणि डोळ्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. तोंडभर बसणारा, वर नळी असलेला पूर्ण चेहऱ्याचा स्नॉर्केल मास्क ऑनलाइन फार दिसतो. तो पाण्याच्या वर तरंगत बघण्यासाठी आहे. तो घालून स्कुबा करायचं नाही, खोल बुडीही मारायची नाही.

मास्क पारखायची रीत अशी. पट्टा काचेच्या पुढे टाका. मास्क हाताने हलका चेहऱ्याला लावा, नाकाने थोडासाच श्वास आत घ्या आणि हात सोडा. मास्क तसाच चिकटून राहिला पाहिजे. मग तोंडात रेग्युलेटरचं (सिलिंडरमधली हवा तोंडात देणाऱ्या यंत्राचं) किंवा स्नॉर्केलचं माउथपीस धरून पुन्हा तेच करा, कारण तोंड उघडलं की गाल ओढले जातात आणि नाकाच्या बाजूला फट पडते. ही दुसरी पायरी बरेच जण गाळतात आणि नेमकं तिथूनच पाणी शिरतं. कपाळावरचा एकही केस कडेखाली अडकू देऊ नका. वेणीवाल्या मुलींनी केस आधी घट्ट मागे बांधावे. मिशीवाल्यांनी नाकाखालची कड जास्त काळजीने बघावी. जाड मिशी असली तर तिथून पाणी झिरपतंच, मग नाकाखालच्या मिशीची एक बारीक पट्टी कापून काढणं हा सोपा उपाय. आमच्याकडे बारीक चणीच्या, अरुंद चेहऱ्याच्या मुली पुष्कळ आहेत. त्यांना 'सर्वांना बसेल' असं लिहिलेला मास्क सहसा बसत नाही. त्यांनी लहान बांध्याचा, आत कमी हवा मावणारा मास्क मागावा.

काच टेम्पर्ड, म्हणजे तापवून कडक केलेली असावी. बहुतेक चांगल्या मास्कच्या काचेवर तसं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. प्लास्टिकची काच नको. चेहऱ्याला लागणारा भाग सिलिकॉनचा असावा. स्वस्त सेटमध्ये तो पीव्हीसीचा असतो. बोटांत धरून दुमडून सोडला की सिलिकॉन लगेच मूळ जागेवर येतं, पीव्हीसी आळसावल्यासारखं हळू येतं आणि त्याला नव्या चपलेसारखा वास येतो. चष्मा असलेल्यांनी घाबरू नये. दूरचं न दिसणाऱ्यांसाठी तयार नंबरच्या काचा मिळतात, पण त्या बसतील असा दोन वेगळ्या काचांचा मास्क घ्यावा लागतो आणि कोणती काच कोणत्या मॉडेलला बसते हे डीलरला विचारूनच ठरवावं. नव्या काचेवर कारखान्यातला एक पातळ थर असतो. त्यामुळे मास्क सारखा धुरकटतो. साधी पांढरी टूथपेस्ट बोटाने आतून चोळून दोन-तीनदा धुतली की तो जातो. जेल टूथपेस्ट कामाची नाही.

एवढं सगळं मोबाइलच्या फोटोत दिसत नाही. म्हणून मास्क समोर घालून बघूनच घ्या. डायव्ह सेंटरमध्ये चार-पाच घालून बघा, बसला त्याचं मॉडेल लिहून घ्या. नंतर ऑनलाइन किंमत बघायला हरकत नाही. पण दोन-चारशे रुपयांचाच फरक असेल तर त्या दुकानातूनच घ्या. पार्सलवर पोट असलेली बाई हे सांगते आहे, तेव्हा मनापासून सांगते आहे. पट्ट्याचं बक्कल तुटलं की सुटं बक्कल त्याच माणसाच्या खणातून निघतं.

फिन्सचं गणित जरा सोपं आहे. पूर्ण पाय जाणारे फिन्स अनवाणी घालतात, ते घट्ट पण न टोचणारे हवेत. मागे पट्टा असलेले फिन्स निओप्रीनच्या (मऊ रबरी फोमच्या) बुटांवर घालतात, त्यामुळे आधी बूट ठरवायचे आणि मग ते घालून फिन्सची साइज बघायची. पाय दुपारनंतर किंचित सुजतात, माप तेव्हा घ्या. टाच भिंतीला लावून कागदावर उभं राहायचं, अंगठ्यापुढे रेघ मारायची आणि सेंटिमीटरमध्ये मोजायचं. आपल्या चपलेचा नंबर सांगून मागवू नका, कारण प्रत्येक कंपनीचा तक्ता निराळा. कोर्समध्ये वापरलेल्या कंपनीचीच जोडी त्याच साइजमध्ये मागवणार असाल तर ऑनलाइन बिनधास्त घ्या. फक्त लांबी बघा. लांब पात्याचे फिन्स साध्या बॅगेत मावत नाहीत, आणि तारकर्लीला जायला कुडाळ स्टेशनपर्यंतच्या रेल्वे प्रवासात बर्थखाली कोणाचा तरी पाय पडून पातं वाकतं.

वेटसूट, म्हणजे पाण्यात ऊब देणारा निओप्रीनचा सूट, मात्र ऑनलाइन परत येणाऱ्या वस्तूंमध्ये वरच्या नंबरावर. आपल्या समुद्रात हिवाळ्यात ३ मिलिमीटर जाडीचा पुरतो. "पाणी तर कोमट असते, सूट काहून पाहिजे?" असं पोट्टे विचारतात. पाणी हवेपेक्षा जवळपास पंचवीसपट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं, म्हणून २८ अंशांच्या पाण्यातही तासाभराने दात वाजायला लागतात. शिवाय खडकाचं खरचटणं आणि जेलीफिशचा डंख वाचतो. सूट अंगाला चिकटून बसला पाहिजे. पाठीच्या मणक्याजवळ आणि काखेत पोकळी राहिली तर दर हालचालीला गार पाणी आत येतं. छाती, कंबर, नितंब, उंची आणि वजन, ही पाचही मापं शिंप्याकडच्या कापडी टेपने दुसऱ्याकडून घ्या. बायकांनी बायकांच्या कटचाच सूट घ्यावा. पुरुषी सूट खांद्यात सैल आणि कमरेखाली आवळ बसतो. घरी आल्यावर तो पंख्याखाली, कोरड्या अंगावर, टॅग न काढता घालून बघा. मे महिन्यात दुपारी तो प्रयोग करू नका, आपल्याकडचा पारा कधीकधी ४५ च्या वर जातो आणि निओप्रीनमध्ये माणूस लगेच उबगतो. नखं कापून घाला, नाहीतर पहिल्याच दिवशी चंद्रकोरीसारखा चिरा पडतो आणि मग परत कोण घेणार? नुसतं उन्हापासून वाचायचं असेल तर रॅशगार्ड (अंगाला चिकटणारा पातळ टी-शर्ट) नागपूरला किंवा ऑनलाइन कुठेही घ्या.

आता रेग्युलेटर. इथे जरा थांबून वाचा.

सिलिंडरमध्ये हवा साधारण २०० बार दाबाने भरलेली असते (एक बार म्हणजे जवळपास नेहमीच्या हवेचा दाब). रेग्युलेटरचा पहिला टप्पा ती आसपासच्या पाण्याच्या दाबापेक्षा नऊ-दहा बार जास्त इतक्यावर आणतो. तोंडातला दुसरा टप्पा ती तुम्ही ज्या खोलीवर आहात तिथल्या दाबाला आणून, तुम्ही श्वास ओढाल तेवढीच देतो. हे सगळं बारीक स्प्रिंग, सीट, डायफ्राम आणि ओ-रिंग (गळती थांबवणाऱ्या रबरी कड्या) करतात. त्यांची झीज होते, त्यांवर मीठ बसतं. म्हणून बहुतेक कंपन्या वर्षातून एकदा किंवा ठरावीक डाइव्हनंतर सर्व्हिसिंग करायला सांगतात, आणि ते कंपनीने शिकवलेल्या तंत्रज्ञानेच करायचं असतं. सुट्या भागांचं किट कंपन्या सहसा त्यांनाच देतात.

आपल्या भागात अडचण नेमकी इथे येते. तुम्ही परदेशी वेबसाइटवरून स्वस्तात रेग्युलेटर मागवला, कस्टम ड्युटी आणि जीएसटी भरून तो पवनीत पोहोचलाही. पण भारतातल्या डीलरकडे त्याची नोंद नसेल तर वॉरंटी मिळेलच असं नाही, आणि काही कंपन्यांची सर्व्हिसिंगसुद्धा अडते. म्हणून पैसे भरायच्या आधी दोन प्रश्न विचारा: या कंपनीचा भारतातला अधिकृत डीलर कोण? आणि तिचं सर्व्हिसिंग कोणत्या शहरात होतं? दोन्हींची उत्तरं फोनवर, माणसाच्या तोंडून मिळाली पाहिजेत. मिळाली तर तो डीलर ऑनलाइन विकत असला तरी चालेल. पक्कं बिल, त्यावर सीरियल नंबर आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड घ्या. सेकंडहँड घेणार असाल तर शेवटच्या सर्व्हिसिंगची पावती मागा. नसेल तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीत धरून भाव करा आणि ते झाल्याशिवाय पाण्यात नेऊ नका.

आपल्या गावातले ट्रॅक्टरचे आणि सबमर्सिबल पंपाचे मेकॅनिक हुशार आहेत, त्यांच्या हाताबद्दल मला आदर आहे. पण रेग्युलेटर त्यांच्याकडे उघडू नका. हायड्रॉलिकच्या दुकानातली ओ-रिंग दिसायला तशीच असते, मात्र रबराचा कडकपणा आणि जात वेगळी असू शकते, आणि हा फरक डोळ्यांना दिसत नाही. ग्रीसचंही तसंच. पेट्रोलियमचं ग्रीस किंवा व्हॅसलीन डायव्हिंगच्या रबराला लावायचं नाही, त्यासाठीचं सिलिकॉन ग्रीस डीलरकडूनच घ्यायचं.

सिलिंडरला जोडायच्या दोन पद्धती आहेत: बाहेरून आवळायचा योक आणि आत पेच बसणारा डिन. तुम्ही जिथे जाता तिथल्या सिलिंडरला काय लागतं ते विचारून घ्या. डिन घेतलात तर योकचं ॲडॉप्टर सोबत घ्या.

वर्षातून एखाद्या सुट्टीतच डाइव्ह करणार असाल तर रेग्युलेटर आणि बीसीडी जॅकेट (तेच हवा भरायचं) भाड्यानेच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. या दोन वस्तू वर्षातले अकरा महिने आपल्याकडच्या धुळीत आणि उन्हात पडून राहतात आणि सर्व्हिसिंग तर लागतंच. ज्यांना गाईडचं काम करायचं आहे त्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी पैसे साठवून एकदाच चांगलं घ्यावं. जॅकेट घेताना त्यात हवा पूर्ण भरून बघा. फुगल्यावर छाती आवळून श्वास घ्यायला त्रास झाला तर ते लहान आहे. भरून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ पडलं तर कुठून तरी गळतंय.

डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे पाण्याखालची खोली आणि वेळ मोजणारं यंत्र, ही वस्तू ऑनलाइन मागवायला सगळ्यात सोयीची. तो अंगावर मापून घ्यायचा नसतो, आणि एकाच मॉडेलच्या दोन नगांत फरक नसतो. मनगटाचा साधा कॉम्प्युटर बघा. आकडे मोठे दिसावेत, गोड्या आणि खाऱ्या पाण्याचं सेटिंग असावं आणि बॅटरी घरी बदलता यावी. पुष्कळ मॉडेलना सीआर२४५० हा गोल सेल लागतो, तो नागपूरला सहज मिळतो. पाण्याखाली अंगात मुरलेला वायू उंचीवर गेलं की त्रास देतो, म्हणून विमान कधी घेता येईल हेही कॉम्प्युटर दाखवतो. एकाहून जास्त डाइव्ह झाल्या असतील तर साधारणपणे किमान १८ तास थांबायला सांगतात. आपल्याकडचे लोक गोव्याहून नागपूरचं विमान धरतात, म्हणून हे लक्षात ठेवा. गाडीने परतणाऱ्यांनाही उंची चुकत नाही. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे, त्यामुळे दुपारची डाइव्ह संपवून लगेच घाट चढायला निघू नका.

सिलिंडर घेऊच नका, ना दुकानातून, ना ऑनलाइन. उच्च दाबाच्या सिलिंडरला गॅस सिलिंडर नियम २०१६ लागू आहेत, आणि त्याची मंजुरी देणाऱ्या 'पेसो' म्हणजे पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. सिलिंडरची ठरावीक काळाने दाबचाचणी व्हावी लागते आणि तारीख सिलिंडरच्या खांद्यावर (वरच्या गोलाईवर) ठोकलेली असते. भाड्याचा घेतानाही ती वाचायची सवय लावा. आणि कुठूनतरी मिळालाच तर भरणार कुठे? पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर आठ-दहा बारचा, त्यात तेलाची वाफ असते. ती हवा फुफ्फुसात घ्यायची नाही. वेल्डिंगच्या दुकानातून ऑक्सिजन भरून आणतो, असं मला लोकांनी खरंच विचारलं आहे. पाया पडून सांगते, असं करू नका. स्कुबाच्या सिलिंडरमध्ये साधी, गाळलेली, कोरडी हवा असते. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली विषारी ठरतो, पाण्यात झटके येतात आणि माणूस बुडतो. शिवाय ऑक्सिजनशी गाठ पडली की तेलकट भाग भडकन पेट घेतात. विहिरीत पडलेला पंप काढायला स्कुबा घेतो म्हणणाऱ्यांनाही माझं हेच उत्तर. विहिरीत हवा कोंडलेली असते, वर यायला वाट एकच असते, आणि या कामाचं प्रशिक्षण वेगळं असतं.

बाकीचं बरंच सामान गावातच घ्या. सामान सुकवायला आणि वाहायला जाळीची पिशवी, खंगाळायला मोठा प्लास्टिकचा टब, शिट्टी, नायलॉनची दोरी हे सगळं आठवडी बाजारात आणि मासेमारीच्या जाळ्यांच्या दुकानात चांगलं मिळतं. सामान धुवायला बोअरचं जड पाणी वापरलं तर काचेवर आणि बटणांभोवती पांढरा थर बसतो. शेवटचं खंगाळणं पिण्याच्या जारच्या पाण्याने करा. टिनाच्या छपराखाली किंवा माळ्यावर रबराचं काही ठेवू नका, उन्हाळ्याच्या उष्णतेने रबर खराब होतं आणि पट्टे तडकतात. आतल्या खोलीत, झाकणाच्या डब्यात ठेवा. झाकण घट्ट हवं, उंदरांना निओप्रीन फार आवडतं.

आता पार्सलबद्दल, ते माझं रोजचं काम. ऑर्डर करायच्या आधी वेबसाइटवर आपला पिनकोड टाकून दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासा: डिलिव्हरी होते का, आणि परत न्यायला माणूस येतो का. आपल्याकडे पहिली होते पण दुसरी नाही, असं पुष्कळदा होतं, मग स्वखर्चाने कुरियर करावं लागतं. गावात दोन-तीन सारख्या नावांची घरं असतात, म्हणून पत्त्यात वस्तीचं नाव आणि एखादी खूण लिहा. खोका उघडताना मोबाइलवर अखंड व्हिडिओ काढा, लेबलपासून सुरुवात करून सीरियल नंबरपर्यंत. विकणाऱ्याचा भारतातला पत्ता, जीएसटी नंबर आणि चालू फोन नसेल तर त्याच्याकडून श्वासाशी संबंध असलेली कोणतीही वस्तू घेऊ नका. आणि माप पटेपर्यंत वस्तू ओली करू नका, ओली वस्तू परत घेत नाहीत.

मालवणचा डायव्हिंगचा हंगाम पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू होतो. ऑगस्टमध्ये वैनगंगेला पूर आला की आपले रस्ते बंद होतात आणि पार्सलं नागपूर-भंडाऱ्याला अडकतात. म्हणून कोर्सच्या वेळी लिहिलेली वही काढून जुलैच्या सुरुवातीला डीलरला फोन करा, किंवा पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑर्डर टाका. मग सूट नाही बसला तरी बदलून घ्यायला निघायच्या आधी दोन-तीन आठवडे हातात राहतात.